वेगासाठी बांधलेली, सावकाश चालवलेली

हॉट रॉड म्हणजे वेगासाठी नव्यानं बांधलेली जुनी गाडी. ती बांधणारा माणूस इंजिनातून आणखी थोडी ताकद निघावी म्हणून वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये खपतो. गाडी तयार झाली, की शनिवारी संध्याकाळी तीच गाडी घेऊन तो गावातल्या मोठ्या रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताशी वीस मैलांनी चकरा मारत राहतो. दीडशे मैलांचा वेग पेलू शकणारी गाडी, आणि ती सायकलवाल्याच्या बरोबरीनं चालते आहे! नवख्याला यात विसंगती दिसते. मला तर या छंदाचं मर्मच इथे सापडतं. हॉट रॉड वेगाच्या ओढीतून जन्मली, पण ती टिकली सोबतीमुळे. एकट्यानं गॅरेजात केलेलं काम ज्यांना ते समजतं अशा माणसांसमोर आणून उभं करायचं, त्यांचं काम आपण बघायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून रस्त्यावर निघायचं, यासाठी तो वेग कमी केलेला असतो. पुढची प्रकरणं गाड्यांची आहेत, कारागिरांची आहेत, रस्त्यांचीही आहेत. त्यांच्या आधी हा एक धागा हातात द्यावा, म्हणून ही जरा लांबलेली प्रस्तावना.

सुरुवात स्वस्ताईपासून करावी लागते. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डनं दीड कोटी मॉडेल टी गाड्या बनवल्या. इतक्या गाड्या विकल्या गेल्या म्हणजे पुढे त्या इतक्याच जुन्याही झाल्या. मंदीच्या काळात कॅलिफोर्नियातल्या पोराला अशी एखादी मोटार काही डॉलरात मिळायची. मग तो मडगार्ड काढून टाकायचा, कारण वजन घटवण्याचा तो सगळ्यात फुकटचा उपाय. बॉनेट, पायऱ्या, मागची सीट, जे जे धावण्याच्या कामाचं नाही ते ते उतरायचं. हॉट रॉडचं ते उघड्या चाकांचं रूप आज आपल्याला सौंदर्य म्हणून भुलवतं. मुळात ती काटकसर होती.

मग १९३२ साल उजाडलं, आणि फोर्डनं सर्वसामान्यांच्या गाडीत व्ही-८ इंजिन बसवलं. आठ सिलिंडरची व्ही-८ इंजिनं आधीही होती, पण ती महागड्या गाड्यांत. फोर्डच्या माणसांनी दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि खालचा क्रँककेस असा अख्खा ब्लॉक एकाच ओतकामात काढण्याचं तंत्र बसवलं, आणि त्यामुळे हे इंजिन स्वस्त पडलं. २२१ घन इंच म्हणजे साधारण ३.६ लिटर, आणि ६५ अश्वशक्ती. आकडे आज किरकोळ वाटतील, पण त्या किमतीच्या दुसऱ्या कुठल्याही गाडीत तेव्हा व्ही-८ नव्हतं. या इंजिनाचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्येच असतात आणि वरचं हेड एखाद्या सपाट झाकणासारखं बसतं, म्हणून त्याला फ्लॅटहेड म्हणतात. अमेरिकेत फोर्डच्या मोटारींमध्ये ते १९५३ पर्यंत चाललं.

१९३२ ची फोर्ड हॉट रॉडवाल्यांत ‘ड्यूस’ या लाडक्या नावानं ओळखली जाते. तिचं एवढं कौतुक का, हे तिच्या चॅसिसकडे नीट पाहिलं की कळतं. बाजूच्या लोखंडी पट्ट्यांवर कारखान्यातच एक उठावाची रेघ दाबलेली आहे, आणि ती चाकाच्या वळणाबरोबर डौलानं वाकते. मडगार्ड उतरवले, की बहुतेक गाड्या सोललेल्या दिसतात. ड्यूसचा सांगाडा मात्र उघडा पडल्यावर जास्त देखणा दिसतो. त्यात हा आकार फोर्डनं एकच वर्ष ठेवला. पुढच्या वर्षी नवी गाडी आली, आणि ड्यूस तेवढीच उरली. आज ओहायोमधली ब्रूकव्हिल ही कंपनी त्या आकाराच्या पोलादी बॉड्या नव्यानं बनवते, आणि फायबरग्लासच्या तर कितीतरी मिळतात. मूळ बॉडी ज्याच्याकडे आहे तो मात्र तिच्यावरचा जुना डागसुद्धा अभिमानानं दाखवतो.

फ्लॅटहेडमधून जास्त ताकद काढण्याची विद्या कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हते. एका कार्बोरेटरच्या जागी दोन किंवा तीन स्ट्रॉमबर्ग ९७ बसवायचे. जास्त कॉम्प्रेशनची अ‍ॅल्युमिनियमची हेडं चढवायची. कॅमशाफ्ट वेगळ्या आकारात घासून घ्यायचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडतील आणि जास्त वेळ उघडे राहतील. कॅम घासण्यात एड विनफिल्डचा हात धरणारा कोणी नव्हता. व्हिक एडेलब्रॉकनं स्वतःच्या १९३२ च्या रोडस्टरसाठी दोन कार्बोरेटरचा मॅनिफोल्ड बनवला, ती गाडी शर्यतीत पळवली, आणि मग लोक त्याच्याकडे तसाच मॅनिफोल्ड मागायला लागले. आर्मेनियन घरातला एड इस्केंडेरियन दुसऱ्या महायुद्धानंतर कॅम बनवायला लागला, आणि त्याच्या ‘इस्की’ कॅमचं नाव जगभर झालं. आज अमेरिकेत गाड्यांच्या खास सुट्या भागांचा जो अवाढव्य धंदा आहे, त्याचं मूळ अशा लहान वर्कशॉपांत आहे. ब्रेकचीही तीच गोष्ट. फोर्डनं हायड्रॉलिक ब्रेक १९३९ च्या गाड्यांपासून दिले. मग भंगारात आलेल्या १९४० च्या फोर्डचे ब्रेक काढून १९३२ च्या गाडीला लावायची रीतच पडली. भंगारवाल्याकडे कुठल्या गाडीचा कुठला भाग कुठल्या गाडीला बसतो, हे ज्ञान तोंडी चालायचं. ते मिळवायचं तर चार माणसांत बसणं भाग होतं.

पळवायचं कुठे, हा खरा प्रश्न. लॉस एंजेलिसपासून शंभरेक मैलांवर, मोहावी वाळवंटात, कोरड्या तलावांची सपाट पात्रं आहेत: मुरॉक, एल मिराज, रोझामंड, हार्पर. हिवाळ्यात तिथे पाणी साचतं, उन्हानं आटतं, आणि मागे फरशीसारखी घट्ट, सपाट माती उरते. शनिवारी रात्री निघायचं, पहाटे पोहोचायचं, हेडलाइट आणि काच काढायची, दिवसभर गाडी पळवायची, पुन्हा सगळं जोडून त्याच गाडीनं सोमवारी कामावर जायचं. सुरुवातीला चार-पाच गाड्या एका ओळीत सुटायच्या, आणि पहिल्या गाडीच्या धुळीत मागच्यांना काही दिसायचं नाही. अपघात झाले, माणसं गेली. १९३७ मध्ये काही क्लब एकत्र आले आणि त्यांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. गाड्या तपासायच्या, वर्गवारी करायची, एकेकाला सोडायचं आणि वेळ मोजायची, असे नियम झाले.

इथे एक बारकावा आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ही संस्था क्लबांची होती, एकेकट्या माणसांची नव्हती. धावायचं असेल तर आधी कुठल्यातरी क्लबात असावं लागे. रोड रनर्स, साइडवाइंडर्स, गोफर्स, थ्रॉटलर्स अशी त्यांची नावं. गाडी कितीही वेगवान असो, तुम्हाला ओळखणारी माणसं हवीत, आणि तुमच्या वागण्याची हमी त्यांनी द्यायला हवी. वेगाच्या वेडाला पहिली शिस्त पोलिसांनी लावली नाही. ती या पोरांनी आपापसात लावून घेतली.

युद्ध आलं तेव्हा मुरॉक लष्करी विमानांसाठी राखलं गेलं. पुढे तिथेच एडवर्ड्‌स हवाई तळ झाला. क्लबातली पोरं जगभर पांगली. या काळातली मला सगळ्यात प्रिय असलेली व्यक्ती म्हणजे व्हेडा ऑर. कोरड्या तलावांवर पुरुषांच्या बरोबरीनं गाडी पळवणारी ही बाई. युद्धाच्या वर्षांत तिनं असोसिएशनचं बातमीपत्र चालू ठेवलं आणि परदेशी आघाड्यांवर असलेल्या सभासदांना ते टपालानं पाठवत राहिली. कोण कुठे आहे, कोण जखमी झाला, कोणाची गाडी घरी कशी आहे, असल्या खबरा त्यात. गाड्या बंद होत्या, पेट्रोलचं रेशनिंग होतं, शर्यती थांबलेल्या होत्या, तरी बिरादरी शाबूत राहिली. हॉट रॉडच्या इतिहासात इंजिनं बनवणाऱ्यांची नावं ठळक छापली जातात. त्या पंगतीत व्हेडा ऑरचं नाव पहिल्या पानावर हवं, असं माझं ठाम मत आहे.

परतलेल्या पोरांच्या हातात आता विमानं आणि रणगाडे दुरुस्त केल्याचा अनुभव होता. बिल बर्कनं पॅसिफिकमध्ये लढाऊ विमानांच्या पोटाखाली लटकणाऱ्या इंधनटाक्या पाहिल्या होत्या. हवा कापायला याहून चांगला आकार कुठला? १९४६ मध्ये त्यानं तसल्या टाकीत इंजिन बसवून गाडी केली. त्याच वर्षी अ‍ॅलेक्स झिडियसनं बरबँकमध्ये सो-कॅल स्पीड शॉप काढलं, आणि पुढे त्याचीही टाकीची गाडी गाजली. स्टुअर्ट हिलबॉर्ननं कार्बोरेटर सोडून स्वतःचं फ्युएल इंजेक्शन बनवलं, आणि १९४८ मध्ये कोरड्या तलावावर ताशी १५० मैलांची रेषा ओलांडणारा तो पहिला ठरला. १९४९ पासून यूटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर स्पीड वीक भरू लागला.

शहरात मात्र या पोरांची ख्याती वाईट होती. रस्त्यावर शर्यती लावणारे मवाली, असं वर्तमानपत्रं लिहायची, आणि काही जण तसे होतेही. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या आर्मरीत असोसिएशननं प्रदर्शन भरवलं, ते लोकांनी या गाड्यांची कारागिरी जवळून पाहावी म्हणून. तिथेच रॉबर्ट पीटरसन नावाचा तरुण आपल्या नव्या ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक पंचवीस सेंटला विकत होता. त्या मासिकाचा संपादक झालेल्या वॉली पार्क्सनं १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. रस्त्यावरची शर्यत बंद विमानपट्टीवर नेऊन पाव मैलात मोजायची, म्हणजे ड्रॅग रेसिंग, ही तिची वाट. सांता अ‍ॅनाच्या विमानतळावर १९५० पासून अशा शर्यती होतच होत्या. १९५४ मध्ये या संस्थेची एक टोळी मोटारीला ट्रेलर जोडून देशभर हिंडली आणि गावोगावच्या क्लबांना सुरक्षित शर्यत कशी भरवायची ते शिकवत गेली. तिचा म्होरक्या होता पोमोनाच्या पोलीस दलातला सार्जंट बड कून्स. ज्यांच्या मागे पोलीस लागायचे त्यांच्यासोबत आता पोलीस हिंडत होता!

शर्यत अशी रस्त्यावरून मैदानात गेली, आणि रस्ता क्रूझिंगसाठी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या सावकाश चकरांसाठी, मोकळा झाला. हे एका दिवसात घडलं नाही, पण पन्नाशीच्या दशकात त्याचं रूप पक्कं झालं. युद्धानंतरची नवी उपनगरं, रुंद सरळ रस्ते, स्वस्त पेट्रोल, आणि गाडीतच जेवण आणून देणारी ड्राइव्ह-इन हॉटेलं. बरबँकमधलं १९४९ चं बॉब्ज बिग बॉय आजही उभं आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या आवारात जुन्या गाड्या जमतात. व्हॅन नाइस बुलेव्हार्डवर बुधवारची रात्र ठरलेली असायची. मध्य कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावात वाढलेल्या जॉर्ज लुकासनं १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ या चित्रपटात १९६२ मधली अशी एक रात्र उभी केली, आणि त्यातली पिवळी १९३२ ची कूप जगभरच्या पोरांच्या मनात घर करून बसली.

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात, व्हिटिअर बुलेव्हार्डवर, मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी याच गोष्टीला वेगळं वळण दिलं. त्यांची लोरायडर जमिनीलगत उतरवलेली, रंगावर रंग चढवलेली, आणि मुद्दाम सावकाश चालवायची. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आला. तेव्हा रॉन अगिरेनं विमानातली हायड्रॉलिक यंत्रणा आपल्या कॉर्व्हेटला बसवली. बटण दाबलं की गाडी कायदेशीर उंचीवर, पुन्हा दाबलं की खाली. पुढे कित्येक शहरांनी क्रूझिंगवरच बंदी घातली. गर्दी होते, गुंडगिरी होते, अशी कारणं दिली. त्या बंदीचा भार कोणत्या वस्तीतल्या पोरांवर जास्त पडला, हे त्या रस्त्यांची नावं वाचली तरी समजतं. राज्यानं कायदा करून अशा बंदी उठवल्या त्या थेट १ जानेवारी २०२४ पासून. हॉट रॉडचे बरेच जुने जाणकार लोरायडरला आपल्या घरातली मानत नाहीत. मला ते पटत नाही. कारखान्यातून सगळ्यांसाठी सारखी निघालेली गाडी आपल्या हातानं आपली करायची आणि आपल्या माणसांत फिरवायची, ही ओढ दोन्हीकडे एकच आहे.

क्रूझिंगचा सगळ्यात मोठा मेळा मात्र कॅलिफोर्नियात भरत नाही. तो डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर भरतो. या रस्त्याचा एक मैल १९०९ मध्ये काँक्रीटचा झाला, तेव्हा देशात तसा दुसरा नव्हता. साठच्या दशकात इथे पोरं गाड्या घेऊन यायची, आणि मोटार कंपन्यांतले इंजिनीअरही. १९९५ मध्ये फर्नडेल गावात मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायचे म्हणून जुन्या दिवसांच्या आठवणीत एक क्रूझ ठरवली. अपेक्षेच्या कितीतरी पट, अडीच लाखांच्या घरात माणसं लोटली. तेव्हापासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत गाड्यांची रीघ लागते. डेट्रॉइटच्या उपनगरांत मराठी कुटुंबं पुष्कळ, त्यातले कित्येक जण याच मोटारधंद्यात. सकाळीच खुर्च्या आणि डबे घेऊन रस्त्याकडेला जागा धरणाऱ्यांत आता आपल्या भाषेतली बोलणीही कानावर येतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

मुंबईचं या गोष्टीशी नातं आहे, पण ते वेगळ्या जातीचं. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ मध्ये सुरू झाली, जनरल मोटर्सनं १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडल्या, आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरनं पुढे कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ. म्हणजे हॉट रॉडचा कच्चा माल आपल्याकडेही उतरत होता. पण इथे गाडी कधी स्वस्त झालीच नाही. पंधरा वर्षं जुनी मोटारही जपायची वस्तू होती, कापायची नव्हे. तरी हातांची करामत कमी नव्हती. पेट्रोल महागल्यावर देशात कितीतरी जुन्या अमेरिकन गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिनं बसली, आणि ती बसवणारे मिस्त्री एकही नकाशा न बघता काम करत. एका गाडीचं हृदय दुसरीत बसवण्याची ही विद्या हॉट रॉडवाल्यांच्या विद्येची सख्खी बहीण. एक हौसेतून आली, दुसरी गरजेतून. आज मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. उत्पादकानं ठरवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. त्यामुळे आपल्याकडे जुन्या गाड्यांचा छंद मूळ रूप जपण्याच्या बाजूला झुकला आहे, आणि त्या छंदाची आपली एक शान आहे.

अमेरिकेतही हॉट रॉडचा प्रवास सरळ झाला नाही. साठीच्या दशकात कंपन्या स्वतःच दांडग्या इंजिनाच्या गाड्या विकू लागल्या, आणि गॅरेजात खपायची गरज अनेकांना वाटेनाशी झाली. १९७० मध्ये इलिनॉयमधल्या पिओरियात पहिलं स्ट्रीट रॉड नॅशनल्स भरलं, तेव्हा पुन्हा माणसं जमू लागली. १९९७ मध्ये पेबल बीचच्या कार-प्रदर्शनाच्या हिरवळीवर, जिथे बुगाटी आणि ड्यूझनबर्ग मिरवायच्या, तिथे हॉट रॉडला स्वतंत्र वर्ग मिळाला, आणि डोन स्पेन्सरनं बांधलेल्या १९३२ च्या रोडस्टरनं पहिला मान घेतला. हा गौरव योग्यच होता. पण त्यातून एक धोकाही आला: ट्रेलरवरून आणायची, पुसायची, पुन्हा ट्रेलरवर चढवायची अशा गाड्या वाढल्या. त्यांचं काम निर्दोष असतं, तरी माझं मन तिथे रमत नाही. समोरच्या काचेवर किडे चिकटलेली, दोनशे मैल चालवत आणलेली गाडी मला अधिक देखणी वाटते.

अशी गाडी चालवणं सोपं नाही, हेही वाचकाला ठाऊक असावं. स्टिअरिंगला मदत नसते, इंजिनाची धग पायांवर येते, क्लच जड असतो. फ्लॅटहेडची एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जाते, म्हणून ते लवकर तापतं, आणि खोळंबलेल्या रहदारीत तर हमखास. शर्यतीत न दमणारं इंजिन क्रूझिंगमध्ये दमतं. त्यामुळे चालवणाऱ्याचा एक डोळा सतत तापमानाच्या काट्यावर असतो. आणि कोणी बाजूला थांबलेला दिसला, की मागचे दोघे-तिघे थांबतात, पाणी देतात, पाना काढतात. या थांबण्यातच निम्म्या मैत्र्या जुळतात.

ज्या वाचकांना कधी अशा संध्याकाळी जाण्याचा योग येईल, त्यांच्यासाठी दोन शब्द. गाड्या तोंड बाहेर करून लावलेल्या असतात, बॉनेट उघडं किंवा मुळातच नसलेलं, आणि मालक मागे घडीच्या खुर्चीवर. विचारल्याशिवाय हात लावू नका. पट्ट्याचं बक्कल किंवा पिशवीची चेन रंगाला घासेल इतकं जवळ जाऊ नका. किंमत विचारू नका. पोरं असतील तर त्यांना पुढे करा, बहुतेक मालक त्यांना हौसेनं सीटवर बसवतात. आवारात इंजिन गरगरवणाऱ्याला आणि निघताना टायर जाळणाऱ्याला इथे कोणी वाखाणत नाही, कारण अशा एकामुळे जागेचा मालक सगळ्यांनाच उद्यापासून येऊ नका म्हणतो. आणि बोलायला सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल, तर गाडीतलं कुठलं काम कोणी केलं ते विचारा. कॅम कोणी घासला, छप्पर कोणी कापून खाली आणलं, नक्षीची बारीक रेघ कोणी ओढली. खुर्ची ओढून बसायची तयारी ठेवा, कारण उत्तरात पाच-सहा माणसं येतील, आणि त्यातला एखादा शेजारच्याच गाडीपाशी उभा असेल.